परतीचा पाऊस, दिवाळी अंकांची बिले आणि रिकामा कार्तिक

रेघोटी | ८ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेली अकरा वर्षे घरूनच मुद्रितशोधनाचे, म्हणजे प्रूफे वाचण्याचे, काम करते. नोकरी नाही, त्यामुळे पगाराची तारीख नाही. काम येईल तसे घ्यायचे, कबूल केलेल्या दिवशी परत द्यायचे आणि बिल पाठवून वाट पाहायची, अशी ही रीत आहे आणि ती मी स्वतःहून स्वीकारलेली आहे. मात्र दिवाळी सरली की दरवर्षी जे पाच-सहा आठवडे येतात, त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलावे असे बरेच दिवस मनात होते. यंदाच्या पावसाने ते आठवडे फारच जड केले, म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा मराठीत चालत आली आहे आणि चित्रकार, अक्षरजुळणी करणारे, मुद्रितशोधक अशा कितीतरी जणांचे वर्षाचे गणित तिच्यावर बसलेले असते. आषाढात लेख जमू लागतात, श्रावणात अक्षरजुळणी सुरू होते, गणपतीपासून नवरात्रापर्यंत पाने अंगावर येतात, आणि शेवटचा फर्मा छपाईला गेला की एका दिवसात सगळे थांबते. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागवणारा फोन दुसऱ्या दिवशी वाजतसुद्धा नाही.

काम वरून वाटते तितके सोपे नसते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की ‘ऱ्य’ हे जोडाक्षर हमखास मोडते आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते. ते एका झटक्यात बदलून टाकता येत नाही, कारण ‘कार्य’, ‘सूर्य’, ‘आचार्य’ यांतला रफार बरोबरच असतो. यंदा कोकणातल्या प्रवासावरच्या एका लेखात ‘दर्या’ही होता आणि ‘दऱ्या’ही होत्या, पण संगणकाने दोन्हींचा ‘दर्या’ करून ठेवला होता. कोणत्या वाक्यात समुद्र आहे आणि कोणत्या वाक्यात डोंगरामधली दरी आहे, हे अर्थ लावूनच ठरवावे लागले. एका वाक्यात तर दोन्ही अर्थ बसत होते, म्हणून रात्री साडेदहाला लेखकाला फोन करून विचारले. अशी पाने वाचताना दुसरे काही सुचत नाही आणि खरे सांगायचे तर त्या दिवसांत मी अतिशय आनंदात असते.

यंदा मी तीन अंक वाचले. २२४, २५६ आणि १९२ पानांचे. दोन वाचनांचे मिळून पानाला ४० रुपये, म्हणजे एकूण २६,८८० रुपये होतात. त्यांपैकी सर्वांत लहान अंकाचे ७,६८० रुपये धनत्रयोदशीच्या आधी जमा झाले. उरलेल्या १९,२०० रुपयांचा आज, बिल पाठवून पाच आठवडे होत आले तरी, पत्ता नाही. रक्कम फार मोठी नाही हे मलाही कळते, पण माझे दीड महिन्याचे घरभाडे त्यात आहे.

आणि त्यात हा पाऊस. मे महिन्याच्या अखेरीस सुरू झालेला पाऊस दिवाळीच्या दिवसांतही गेला नाही आणि भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात, मोंथा चक्रीवादळ आंध्राच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा, इकडेही आभाळ पुन्हा भरून आले. आमच्या इमारतीतल्या मुलांनी मातीचा किल्ला केला होता. तो ताडपत्रीखाली झाकूनच राहिला, आणि एका संध्याकाळी ताडपत्रीत साठलेले पाणी एकदम खाली आल्याने त्याचा एक बुरूज बसला. मुलांनी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा रचला. माझी खोली पहिल्या मजल्यावर, उत्तरेकडे तोंड करून आहे. दुपारी दोन वाजता दिवा लावल्याशिवाय मुद्रिते दिसत नव्हती, कागद इतका सर्द झाला होता की लाल शाई फुटत होती, आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेल्या ओढणीचा ओला वास दिवसभर खोलीत भरून राहायचा. काम असते तेव्हा या गोष्टी लक्षातही येत नाहीत. काम नसते आणि केलेल्या कामाचे पैसेही आलेले नसतात, तेव्हा त्याच खोलीत सकाळी उठून टेबलाशी बसणे मला खरोखर कठीण जाते.

मला सर्वांत त्रास होतो तो मागण्याचा. दोन्ही संपादक माझ्याहून वडील आहेत, घरच्यासारखे बोलतात, फराळाला बोलावतात. त्यांना ‘पैसे कधी देता’ असे विचारताना जीभ अडखळते, आणि विचारले नाही तर वाट पाहण्यात दिवस जातात. नवे काम शोधायला जो उत्साह लागतो तो या वाट पाहण्यातच खर्च होतो. इथे असे काम करणारे बरेच जण आहेत. तुम्ही हे आठवडे कसे काढता, आणि संबंध न दुखावता मागता कसे, हे मनापासून विचारते आहे.

कौलारू | ८ नोव्हेंबर २०२५

रेघोटीताई, मी नाशिकला लग्नकार्याची छायाचित्रे काढतो. आमचे उलटे असते. तुमचे काम थांबते तेव्हा आमचे सुरू होते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, त्यामुळे चातुर्मास हाच आमचा रिकामा काळ, आणि त्यात साखरपुडे, बारशी, दुकानांच्या जाहिराती असे जे मिळेल ते करावे लागते.

मागण्याबद्दल सांगतो. आमच्याकडे ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कोणी तारीख धरत नाही. नवरदेव सख्ख्या मामाचा मुलगा असला तरी धरत नाही, आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही, कारण ती पद्धत सगळ्यांना माहीत असते. मी सुरुवातीची दोन वर्षे संकोचापोटी ॲडव्हान्स मागत नसे. एकदा वैशाखातली एक तारीख एका कुटुंबासाठी धरून ठेवली, दुसरी दोन कामे परत केली आणि आठ दिवस आधी त्यांनी दुसरा माणूस ठरवल्याचे कळले. त्या दिवसापासून तारीख, रक्कम आणि ॲडव्हान्स हे तिन्ही लिहून घेतल्याशिवाय मी वहीत नाव घालत नाही. तरीही अल्बमचे शेवटचे पैसे राहतातच; ते दुखणे आमच्याकडेही आहे.

दमट हवेचे म्हणाल तर यंदा माझ्या एका लेन्सला आतून बुरशी धरली. उजेडाकडे धरून पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. साफ करून आणली, पण खर्च झालाच. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात.

सीनाकाठ | ९ नोव्हेंबर २०२५

मी अक्षरजुळणी करतो. बार्शीत भाड्याची एक खोली आहे आणि गाव परंडा तालुक्यात, सीना नदीच्या जवळ. सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या भागात पुराने काय झाले ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलेच आहे. आमचे चार एकर सोयाबीन काढणीला आले होते. ते पाण्याखाली गेले आणि वरची माती वाहून गेली. त्या दिवसांत माझ्याकडे एका दिवाळी अंकाची ९० पाने जुळणीला होती. गावाकडचा रस्ता बंद, भावाचा फोन लागत नाही, आणि मी खोलीत बसून कोणाची तरी विनोदी कथा टाइप करत होतो. ते दोन दिवस मी विसरणार नाही.

शेतीचे बिनसले तर जुळणीचे पैसे आणि जुळणी नसेल तर शेतीचे पैसे, असा आमच्या घराचा हिशेब होता. यंदा दोन्ही एकाच महिन्यात अडकले. पण एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. त्या अंकाच्या संपादकांनी बातमी पाहून स्वतः फोन केला, उरलेली पाने दुसऱ्याकडे देऊ का असे विचारले, आणि मी नको म्हटल्यावर ठरलेले सगळे पैसे काम पुरे व्हायच्या आधीच पाठवले. मी ती पाने तीन रात्रींत दिली. त्यामुळे सगळेच पैसे बुडवतात असे मी म्हणणार नाही. ताई, तुम्ही तसे म्हटलेले नाही हेही मला माहीत आहे.

अंकवाला | ९ नोव्हेंबर २०२५

मी या धाग्यातल्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. कोल्हापुरातून गेली चौदा वर्षे एक लहान दिवाळी अंक काढतो. उत्तर द्यावे की नाही याचा कालपासून विचार करत होतो, पण गप्प बसणे बरोबर वाटले नाही.

अंकाचे पैसे कसे फिरतात ते सांगतो. अंकाची किंमत वाचकाकडून घेतली तरी ती खर्चाला पुरत नाही; अंक उभा राहतो तो जाहिरातींवर. पतसंस्था, बांधकाम व्यावसायिक, साखर कारखाने, सराफ आणि ओळखीचे डॉक्टर हे आमचे जाहिरातदार. जाहिरात देताना ते होकार देतात, मजकूर पाठवतात, पण पैसे मात्र अंक हातात पडल्यावर, त्यात आपले पान पाहिल्यावर आणि मग त्यांच्या कार्यालयातल्या मंजुरीनंतर देतात. म्हणजे बहुतेकदा डिसेंबर उजाडतो. विक्रेत्यांकडे अंक उधारीवर ठेवलेले असतात. विकले गेलेल्या अंकांचे पैसे आणि न विकलेले गठ्ठे हे दोन्ही जानेवारीत एकदमच परत येतात. यंदा पावसामुळे रस्त्यावरच्या स्टॉलवर अंक मांडताच आले नाहीत, तिथल्या विक्रीवर त्याचा परिणाम झाला. एका विक्रेत्याकडे तर माझ्या अंकांचा अख्खा गठ्ठा खालून भिजला. मुखपृष्ठे एकमेकांना चिकटली होती, ती सोडवताना चित्रावरचा निळा रंग बोटांना येत होता.

हे सगळे सांगितले म्हणून तुमचे पैसे अडकवणे योग्य ठरते असे मला म्हणायचे नाही. पण ‘दिवाळी झाल्यावर बघू’ असे जेव्हा एखादा संपादक म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या खात्यात खरोखरच काही नसते, आणि ते कबूल करण्याचा त्यालाही संकोच वाटतो.

रेघोटी | १० नोव्हेंबर २०२५

सर्वांचे आभार. सीनाकाठ, तुमचे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. जमिनीचे पुढे काय झाले, रब्बीची पेरणी होऊ शकली का, हे जमेल तेव्हा जरूर कळवा.

अंकवाला, तुम्ही इतक्या मोकळेपणाने लिहिलेत याचा मला आदर वाटतो आणि तुमची अडचण मला पटते. तरीही एक गोष्ट मनात येते ती विचारते. जाहिरातदारांचे पैसे आले नाहीत तरी कागद घ्यावाच लागतो आणि तो रोख घ्यावा लागतो. छापखान्याचा निदान निम्मा हिशेब झाल्याशिवाय गठ्ठे बाहेर पडत नाहीत. टपालाची तिकिटे उधारीवर मिळत नाहीत. म्हणजे खात्यात जे थोडे असते ते कोणाला आधी द्यायचे हे ठरवले जातेच, आणि त्या रांगेत वाचणारी, जुळणी करणारा आणि चित्रकार हे दरवर्षी शेवटी उभे असतात. आम्ही अंक अडवून धरू शकत नाही, एवढेच त्याचे कारण असेल का?

अंकवाला | १० नोव्हेंबर २०२५

होय, तेच कारण आहे. मी कालपासून माझी वही काढून बसलो आहे. यंदा कागदवाल्याला ऑगस्टमध्ये, छापखान्याला सप्टेंबरमध्ये निम्मे आणि ऑक्टोबरमध्ये उरलेले दिले. मुखपृष्ठ काढणाऱ्या चित्रकार बाईंनी काम घेतानाच निम्मी रक्कम मागितली होती, म्हणून त्यांना ती जुलैतच दिली. ज्यांनी मागितले नाही त्यांचे राहिले. त्यांत एक मुद्रितशोधक आहेत, वय ६८, जे चौदा वर्षांत एकदाही पैशांबद्दल बोललेले नाहीत. मी आज त्यांना पैसे पाठवले. पुढच्या वर्षीपासून अंदाजपत्रकात या तीन कामांची रक्कम कागदाच्या रकमेबरोबरच बाजूला काढीन. याहून अधिक काही आत्ता लिहिता येत नाही.

हिशेबनीस | ११ नोव्हेंबर २०२५

मी ठाण्यात करसल्लागार म्हणून काम करतो आणि माझे बरेचसे पक्षकार असे एकटे काम करणारे आहेत. धाग्यात कायद्याचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात उशिरा मिळणाऱ्या पैशांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. सेवा देणारी एकटी व्यक्तीदेखील सूक्ष्म उपक्रम म्हणून नोंदणी करू शकते. ‘उद्यम’ संकेतस्थळावर आधार आणि पॅन एवढ्यावर ही नोंदणी होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. कोणी शुल्क मागत असेल तर तो मध्यस्थ आहे असे समजावे. नोंदणी झाल्यावर तुमच्या ग्राहकाने लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि लेखी काहीच ठरले नसल्यास १५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये बँक दर ५.७५ टक्के होता, म्हणजे तेव्हा व्याज सव्वासतरा टक्के होत होते. तक्रार ऑनलाइन नोंदवता येते आणि ती थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते.

इथे एक गोष्ट विसरू नये. नोंदणी कामाच्या आधीची असली पाहिजे. काम आधी, बिल थकले आणि मग नोंदणी केली, तर जुन्या बिलासाठी या कायद्याचा आधार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे; मात्र जानेवारी २०२५ मध्ये हा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. त्यामुळे रेघोटीताईंची उद्यम नोंदणी आधीची नसेल तर यंदाच्या १९,२०० रुपयांसाठी या मार्गावर भरवसा ठेवू नये. पुढच्या वर्षासाठी ती या आठवड्यातच करून घ्यावी.

परिषदेकडे जाण्याआधीच उपयोगी पडणारी एक तरतूद आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात अशी भर पडली आहे की सूक्ष्म आणि लघु उपक्रमांचे पैसे वरील मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी करता येतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या संस्थांचे लेखापाल स्वतःच थकलेली बिले शोधू लागतात. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असेल तर ते बिल त्यांच्या नजरेतून सुटत नाही. भांडण न करता, केवळ बिलाच्या कोपऱ्यात एक ओळ घालून होणारे हे काम आहे, आणि तरीही माझ्याकडे येणाऱ्या किती जणांनी ती ओळ घातलेली नसते हे पाहून मला दरवेळी वाईट वाटते.

करकपातीविषयी थोडक्यात. एकाच ग्राहकाकडून वर्षभरात व्यावसायिक शुल्कापोटी ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले तर तो १० टक्के कापून घेऊ शकतो. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून वाढली. कापलेली रक्कम विवरणपत्र भरले तरच परत मिळते. उत्पन्न कमी आहे म्हणून विवरणपत्र न भरणारे आपले हक्काचे पैसे सोडून देतात.

दूरदेशी | १२ नोव्हेंबर २०२५

मी मूळची साताऱ्याची, आता बर्लिनमध्ये स्वतंत्रपणे तांत्रिक भाषांतरे करते. माझे दोन जुने ग्राहक पुण्यातले आहेत, त्यामुळे दोन्हीकडचे पाहते.

इकडे २६ ऑक्टोबरला घड्याळे एक तास मागे गेली. आदल्या दिवशी पावणेसहापर्यंत रेंगाळणारी संध्याकाळ त्या दिवसापासून पावणेपाचलाच संपते, आणि भारताशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांचा होतो. म्हणजे पुण्यातले कार्यालय पाच वाजता बंद होते तेव्हा इथे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. सकाळी अंधारात उठून घाईने पुण्याची कामे उरकायची आणि दुपारनंतर कोणाचाच निरोप येत नाही अशा शांततेत, दिव्याखाली बसून राहायचे. नोव्हेंबरभर बहुतेक दिवस आभाळ एकाच करड्या रंगाचे असते. पहिल्या वर्षी मला वाटले की काम कमी आहे म्हणून उदास वाटते आहे. तिसऱ्या वर्षी काम भरपूर असूनही तसेच वाटले, तेव्हा कळले की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी शोधायला हवीत. उजेडासाठी मी आता दुपारी बारा ते एक काहीही झाले तरी बाहेर जाते. निरोप नंतरही वाचता येतो, उजेड मात्र लवकर जातो.

पैशांविषयी इथल्या कायद्यात एक सोय आहे, जिचा मला मागण्याच्या बाबतीत फार उपयोग झाला. व्यावसायिक ग्राहकाला बिल मिळून आणि देय होऊन ३० दिवस झाले की तो आपोआप थकबाकीदार ठरतो, व्याज सुरू होते आणि शिवाय ४० युरोची ठोक रक्कम मागता येते. मी ती प्रत्यक्षात कधीच मागितली नाही. पण ३१व्या दिवशी आठवण पाठवणे ही इथे उद्धटपणाची गोष्ट समजली जात नाही, तो बिलाचाच पुढचा भाग असतो. मी तीच पद्धत पुण्यातल्या ग्राहकांना लावली. पहिल्या वेळी आठवणीचे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले होते. आता वाक्ये ठरलेली आहेत, फक्त तारीख आणि रक्कम बदलते, आणि मन त्यात गुंतत नाही. ताई, हवे असल्यास तो मसुदा इथे टाकते.

निशिगंध | १२ नोव्हेंबर २०२५

पणजीहून लिहिते. मी उपशीर्षकांचे काम करते. रेघोटीताई, सकाळी उठून टेबलाशी बसणे कठीण जाते असे तुम्ही लिहिले आहे. मी तीन वर्षांपूर्वी तेच म्हणत होते आणि पैसे आले की ठीक होईल असे धरून चालले होते. पैसे आले, तरी झोप लागेना आणि जेवणावरून मन उडाले ते उडालेच. तेव्हा मैत्रिणीने टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिला. सरकारी, विनामूल्य सेवा आहे, मराठीतही बोलता येते, आणि पुढे कोणाकडे जावे हे त्यांनी समजावून सांगितले. तुम्हाला त्याची गरज असेलच असे नाही, पण हा धागा वाचणाऱ्या कोणाला तरी असू शकते.

रेघोटी | १६ नोव्हेंबर २०२५

निशिगंध, मनापासून आभार. क्रमांक लिहून ठेवला आहे. या आठवड्यात ऊन पडले, गाद्या गच्चीवर टाकल्या आणि झोपही बरी लागली, पण तुम्ही म्हणता तो फरक मी लक्षात ठेवीन.

काय झाले ते सांगते. हिशेबनीसांनी सांगितल्याप्रमाणे मंगळवारीच उद्यम नोंदणी केली. अर्धा तास लागला. दूरदेशींनी विचारपूसमध्ये, म्हणजे खासगी निरोपात, मसुदा पाठवला, तो मराठीत माझ्या पद्धतीने लिहून दोन्ही संपादकांना पाठवला. २२४ पानांच्या अंकाचे ८,९६० रुपये गुरुवारी जमा झाले आणि सोबत ‘आधीच सांगायचे होते ना’ असा निरोप आला. त्या वाक्याने थोडे वाईट वाटले, कारण बिल हे सांगणेच असते. दुसऱ्या संपादकांचा फोन आला. ते दहा मिनिटे त्यांच्या प्रकृतीविषयी बोलले, मग म्हणाले की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निम्मे आणि संक्रांतीपर्यंत उरलेले देतो. मी फोनवर हो म्हटले आणि नंतर लगेच त्याच तारखा लिहून त्यांना पाठवल्या. त्यांनी ‘ठीक’ असे उत्तर दिले आहे. अकरा वर्षांत मी असे पहिल्यांदाच केले.

काहींनी मसुदा मागितला, म्हणून देते:

‘सादर नमस्कार. आपल्या दिवाळी अंकाच्या मुद्रितशोधनाचे ___ रुपयांचे बिल मी ___ रोजी पाठवले होते. ती रक्कम अद्याप जमा झालेली नाही. कृपया ती ___ पर्यंत पाठवावी, अथवा त्या तारखेला शक्य नसल्यास शक्य असलेली तारीख कळवावी. बिलाची प्रत पुन्हा सोबत जोडली आहे.’

प्रकृतीची चौकशी, अंक छान झाल्याचे कौतुक, ‘राग मानू नये’ असे शब्द मी यात मुद्दाम ठेवलेले नाहीत. ते सगळे मला मनापासून म्हणायचे असते, म्हणून त्यासाठी वेगळा फोन करते.

सीनाकाठ | १६ नोव्हेंबर २०२५

मसुदा उतरवून घेतला. ताई, तुम्ही विचारले होते म्हणून सांगतो, दोन एकरांत वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली, तिथे हरभरा पेरला. नदीकडच्या दोन एकरांत माती उरलेली नाही, तिथे यंदा काही होणार नाही.

एक कामाची सूचना करतो. मोडलेल्या ‘ऱ्य’चे पान आणि सरळ युनिकोडमध्ये जुळवलेले पान यांचा दर तुम्ही एकच का घेता? आम्ही जुळणीवाले हस्तलिखित आणि टंकलिखित मजकुराला वेगळा दर लावतो. बिघडलेल्या मजकुरावर तुमचा दुप्पट वेळ जातो आणि तो बिघाड तुमचा नसतो.

रेघोटी | १७ नोव्हेंबर २०२५

हे मला खरोखरच सुचले नव्हते. काल रात्रीच एका विद्यार्थिनीने तिचा ३१० पानांचा प्रबंध वाचायला विचारले होते. आज नमुन्याची पाने उघडून पाहिली, तर मजकूर जुन्या फॉन्टमधून आणलेला आहे. तिला दोन्ही दर सांगितले: मूळ मजकूर नीट करून दिल्यास पानाला ४० रुपये, आहे तसाच दिल्यास ५०. तिने दुसरा पर्याय घेतला, आणि काम सुरू करण्याआधी निम्मी रक्कम लागेल असे म्हटल्यावर तिने दुपारी ७,७५० रुपये पाठवले. सीनाकाठ, पहिल्या प्रकरणातल्या तक्त्यांची जुळणी नव्याने करावी लागेल असे दिसते. ते काम तिने तुमच्याकडे द्यावे असे मी सुचवले आहे. वेळ असेल तर विचारपूसमध्ये दर कळवा.